रुग्ण समाधानी आहे, म्हणजे नेमके काय?

स्कॉटलंडमधल्या पाच रुग्णालयांतून उपचार घेऊन घरी गेलेल्या रुग्णांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. एकूण सेवेबद्दल समाधानी आहात का, या प्रश्नाला जवळजवळ ९० टक्के रुग्णांनी होकार दिला होता. कोणत्याही रुग्णालयाने आपल्या अहवालाच्या पहिल्या पानावर छापावा असा हा आकडा आहे. पण त्याच रुग्णांना प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींबद्दलही काही साधे प्रश्न विचारले होते. डॉक्टर एक सांगतात आणि परिचारिका दुसरेच, असे कधी झाले का? तुम्ही तिथे नाहीच अशा रीतीने तुमच्यासमोर तुमच्याविषयी बोलणे झाले का? मनातली भीती बोलून दाखवायला कोणी मिळाले का? घरी जाताना औषधांचे दुष्परिणाम कोणी समजावून सांगितले का? या उत्तरांतून निराळेच चित्र पुढे आले. ज्यांनी आपल्या मुक्कामाला ‘उत्कृष्ट’ असा शेरा दिला होता, त्यांच्यातल्याही ५५ टक्के रुग्णांनी विचारलेल्या बाबींपैकी दहा टक्के बाबतींत काहीतरी बिनसल्याचे नोंदवले होते.

ही माणसे खोटे बोलत नव्हती. समाधान व्यक्त करताना माणूस काय मोजतो आणि काय सोडून देतो, हे समजून घेतल्याशिवाय या विसंगतीचा उलगडा होत नाही. आरोग्यसेवेचे मूल्यमापन रुग्णाच्या समाधानावरून करण्याची पद्धत आता जगभर रुळली आहे. तिच्यावर अनुदाने, मानांकने आणि काही ठिकाणी डॉक्टरांचे वेतनही ठरू लागले आहे. म्हणूनच हे समाधान कशाने घडते याचा विचार संशोधकांपुरता न ठेवता रुग्ण म्हणून, रुग्णाचे नातेवाईक म्हणून आणि नागरिक म्हणून आपण सर्वांनी करायला हवा. माझे मत असे आहे की, समाधानाचा एकच एक आकडा हा सेवेच्या दर्जाचा अत्यंत कच्चा पुरावा आहे, तर रुग्णाने सांगितलेली हकीकत हा अत्यंत मोलाचा पुरावा आहे. आणि आज बहुतेक व्यवस्था पहिल्याच्या मागे लागून दुसऱ्याकडे पाठ फिरवत आहेत.

ब्रायन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या रुग्णांशी सविस्तर बोलून १९९८ साली या कोड्याचे एक उत्तर मांडले. रुग्णाला वाईट अनुभव आला तरी तो लगेच सेवेला दोष देत नाही. आधी तो मनाशी दोन गोष्टी पडताळतो. हे करणे त्यांचे काम होते का, आणि झाले नाही त्यात त्यांची चूक होती का? ‘त्यांना तरी किती रुग्ण असतात’, ‘एकटी परिचारिका कुठे कुठे पुरणार’, ‘एवढे विचारायला डॉक्टरांना वेळ कुठला’ अशी कारणे रुग्ण स्वतःच शोधतो आणि त्यांच्या आधाराने तक्रार गिळून टाकतो. कागदावर मग ‘समाधानी’ असा शेरा उमटतो. म्हणजे तो शेरा मिळालेल्या सेवेइतकाच रुग्णाच्या समजूतदारपणाचाही असतो. हा समजूतदारपणा माणूस म्हणून फार मोठा आहे, याबद्दल मला शंका नाही. पण व्यवस्थापनाने तो आपल्या यशाच्या खात्यात जमा करणे सर्वस्वी गैर आहे.

याहून गंभीर बाब अपेक्षेची आहे. ज्याने आयुष्यभर तासन्‌तास ताटकळणे, अर्धवट उत्तरे आणि तुटक बोलणे एवढेच अनुभवले आहे, त्याला कोणी एकदा नाव घेऊन हाक मारली तरी तो भरून पावतो. उलट ज्याला आपले हक्क ठाऊक आहेत आणि जो आजाराविषयी चार गोष्टी वाचून आलेला आहे, तो त्याच सेवेतल्या उणिवा नेमकेपणाने दाखवतो. वयस्कर रुग्ण तरुणांपेक्षा अधिक समाधान नोंदवतात, हे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. त्यांना सेवा अधिक चांगली मिळते असा त्याचा अर्थ लावण्यापूर्वी त्यांनी मागायचे किती कमी शिकलेले असते, याचाही विचार व्हायला हवा. दोन रुग्णालयांच्या गुणांची तुलना करताना जर एकीकडचे रुग्ण मुळातच कमी मागणारे असतील, तर ती तुलना सेवेची राहत नाही. सर्वांत दुर्लक्षित समूहाचे समाधान सर्वांत जास्त निघू शकते आणि त्या आकड्याच्या आधारे त्यांच्याकडे आणखी दुर्लक्ष करता येते, हा या पद्धतीतला सर्वांत मोठा अन्याय आहे.

त्यात भर पडते ती अवलंबनाची. रुग्ण खाटेवर पडलेला असताना, पुढचे इंजेक्शन ज्यांच्या हातून घ्यायचे त्यांच्याच हातातून आलेल्या कागदावर त्यांच्याविषयी काय लिहिणार? त्याला कोणी धमकावलेले नसते. तरीही आपण नाराजी दाखवली तर रात्री घंटी वाजवल्यावर कोणी येणार नाही, ही धास्ती मनात असते, आणि ती बाळगणाऱ्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार निरोगी माणसाला नाही.

मग सेवेचा दर्जा ठरवायचा तरी कसा? अव्हेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ साली यासाठी जी चौकट मांडली, ती आजही आधारभूत मानली जाते. इमारती, साधने, मनुष्यबळ ही रचना. तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंत आणि संवादापर्यंत जे जे केले जाते ती प्रक्रिया. आणि रुग्णाच्या प्रकृतीत पडलेला फरक हे फलित. यांतल्या तांत्रिक भागाबद्दल रुग्णाला फारसे मत देता येत नाही. टाके योग्य घातले का, प्रतिजैविकाची निवड बरोबर होती का, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून तो जे दिसते, ऐकू येते आणि अंगाला जाणवते त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधतो. डॉक्टरांनी माझा जुना रिपोर्ट वाचला होता का, काल सांगितलेले आजच्या परिचारिकेला ठाऊक होते का, सलाईन संपत आल्याचे कोणाच्या लक्षात आले का. पुष्कळ वैद्यकीय मंडळी या निकषांना वरवरचे म्हणून बाजूला सारतात, ते मला पटत नाही. कालची माहिती आजच्या पाळीपर्यंत पोहोचली नसेल तर औषधाची चूकही त्याच फटीतून होते. रुग्णानुभव, वैद्यकीय परिणामकारकता आणि सुरक्षितता यांचा संबंध तपासणाऱ्या ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध झाला. जिथे रुग्णांचे अनुभव चांगले तिथे उपचार आणि सुरक्षिततेची बाजूही सर्वसाधारणपणे बरी, असाच त्याचा निष्कर्ष होता. डोळ्यांपुढे घडलेल्या गोष्टींबद्दल रुग्ण हा चांगला साक्षीदार आहे. आपण त्याच्याकडून निकाल मागतो आणि साक्ष मात्र घेत नाही.

साक्ष घेतली की जी गोष्ट सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा पुढे येते ती म्हणजे ऐकून घेतले जाणे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी ७४ भेटींच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा रुग्णाने आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत असल्याचे दिसले. ७४ पैकी फक्त १७ भेटींत रुग्णाचे पहिले बोलणे पुरे होऊ शकले होते. यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, रुग्णाला बोलू दिले तर तो थांबणारच नाही आणि बाहेरची रांग वाढत जाईल. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे ही भीतीच तपासून पाहिली गेली. तिथल्या डॉक्टरांनी ३३५ रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिले, तेव्हा रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत स्वतःहून थांबले, आणि ७८ टक्के रुग्णांचे सांगणे दोन मिनिटांच्या आत संपले. ही पाहणी २००२ सालची आहे, आणि ते रुग्ण साध्या सर्दीतापाचे नव्हते. त्यांतले बरेच गुंतागुंतीच्या आजारांचे होते. दीड मिनिट ही कोणत्याही गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागाला न परवडणारी गोष्ट नाही. ते दीड मिनिट दिले नाही तर रुग्णाच्या मनातली खरी काळजी बाहेरच येत नाही, आणि तो दाराशी पोहोचल्यावर ‘डॉक्टर, अजून एक विचारायचे होते’ म्हणून मागे वळतो. बहुधा तेच त्याला पहिल्यांदा सांगायचे असते.

वेळ किती दिला यापेक्षा त्या वेळात काय झाले याला महत्त्व असते. वेंडी लेव्हिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकेतल्या ज्या डॉक्टरांवर निष्काळजीपणाचे दावे झाले होते आणि ज्यांच्यावर कधीच झाले नव्हते, अशा दोन्ही गटांतल्या डॉक्टरांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. प्राथमिक सेवा देणाऱ्या डॉक्टरांमध्ये दावे न झालेल्यांच्या भेटी सरासरी १८.३ मिनिटांच्या, तर दुसऱ्यांच्या १५ मिनिटांच्या होत्या. तीन मिनिटांचा हा फरक नगण्य नाही, पण बोलण्याच्या पद्धतीतला फरक अधिक शिकवणारा होता. दावे न झालेले डॉक्टर पुढे काय होणार ते आधी सांगत: मी प्रथम तपासतो, मग आपण सविस्तर बोलू. ते रुग्णाचे मत विचारत, त्याला समजले की नाही याची खात्री करून घेत आणि त्याच्याबरोबर हसतही. पुढची पायरी माहीत असणे ही आजारी माणसाची मूलभूत गरज आहे. थांबण्याच्या बाबतीतही हेच दिसते. तासभर थांबावे लागेल हे आधी कळले तर माणूस तो तास काढतो. कारण न कळता काढलेला अर्धा तास मात्र त्याला अपमानासारखा लागतो. आणि एवढे थांबून आत गेल्यावर दोन मिनिटांत बाहेर यावे लागले, तर सगळा राग एकवटतो.

वेदनेच्या आठवणीबद्दलचा एक प्रयोग इथे सांगितला पाहिजे, कारण समाधानाचे मोजमाप किती नाजूक आहे ते त्यातून कळते. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी होणाऱ्या ६८२ रुग्णांवर डोनाल्ड रेडेलमायर, जोएल कॅट्झ आणि डॅनियल कानमन यांनी केलेला हा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या बाबतीत तपासणी संपल्यावर नळीचे टोक न हलवता थोडा वेळ आतच राहू दिले. त्यामुळे त्यांची तपासणी लांबली, पण शेवटचे क्षण कमी त्रासाचे गेले. याच रुग्णांना नंतर ती तपासणी कमी त्रासदायक वाटल्याचे आठवत होते. म्हणजे आठवणीत त्रासाचा कालावधी फारसा उरत नाही. त्याचा कळस आणि त्याचा शेवट उरतो.

रुग्णालयातल्या मुक्कामाला हे लावून पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मुक्कामाचा शेवट, म्हणजे घरी सोडण्याचा दिवस, हाच बहुतेक ठिकाणी सर्वांत विस्कळीत असतो. सकाळी ‘आज जायचे’ असे सांगितले जाते, दुपार कागदपत्रांत जाते, बिलाच्या खिडकीवर नातेवाईक अडकून पडतात, आणि गोळ्या कशा घ्यायच्या, जखम कशी राखायची, कोणते लक्षण दिसले तर ताबडतोब यायचे, हे दाराशी उभ्याने दोन वाक्यांत उरकले जाते. समाधानाच्या दृष्टीने हा दिवस महत्त्वाचा आहेच, पण प्रकृतीच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्या क्षणापासून उपचाराची सगळी जबाबदारी प्रशिक्षण नसलेल्या माणसांवर येऊन पडते. म्हणून निरोपाच्या वेळी पुष्पगुच्छ देऊन आठवण गोड करण्यापेक्षा शांतपणे बसून सूचना समजावून सांगण्याची पंधरा मिनिटे राखून ठेवावीत, असे मी आग्रहाने म्हणेन.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की सगळा प्रश्न डॉक्टर-परिचारिकांच्या वागणुकीचा आहे आणि एखाद्या संवाद-प्रशिक्षणाने तो सुटेल. व्यवस्थापकांनाही असे वाटणे सोयीचे असते. परंतु बारा युरोपीय देश आणि अमेरिका यांतल्या रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी केलेला मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याने वेगळ्या दिशेला बोट दाखवले. जिथे एका परिचारिकेकडे कमी रुग्ण होते आणि जिथे परिचारिकांना कामाचे वातावरण चांगले वाटत होते, तिथले रुग्ण आपल्या रुग्णालयाला अधिक गुण देत होते आणि इतरांना त्याची शिफारस करायला अधिक तयार होते. यात नवल नाही. एका पाळीत दुप्पट रुग्ण सांभाळणारी परिचारिका हसतमुख राहू शकेलही, पण ती घंटी वाजताच पोहोचू शकणार नाही, आणि रुग्णाला हवे असते ते तिचे पोहोचणे. मनुष्यबळ कमी ठेवायचे आणि समाधान घटले की त्याच कर्मचाऱ्यांना सौजन्याचे धडे द्यायचे, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो आणि तो क्रूर आहे.

समाधानाला पैशाची जोड दिली की काय होते, याचाही अनुभव आता गाठीशी आहे. अमेरिकेत रुग्णालयांच्या रुग्णानुभवाचे एक राष्ट्रीय सर्वेक्षण २००६ पासून सुरू झाले, २००८ पासून त्याचे निकाल जाहीर होऊ लागले आणि २०१२ च्या अखेरीपासून वृद्धांसाठीच्या सरकारी विमायोजनेतून मिळणाऱ्या पैशाचा काही भाग त्या गुणांशी जोडला गेला. ‘तुमच्या वेदना आटोक्यात राहिल्या का’ हा त्यातला एक रास्त प्रश्न होता. पण तीव्र व्यसन लावणाऱ्या अफूवर्गीय वेदनाशामकांचे संकट त्या देशात गडद होत गेले, तशी हे गुण मिळवण्याच्या दडपणाखाली डॉक्टर ती औषधे सढळ हाताने देतील अशी चिंता व्यक्त होऊ लागली, आणि अखेर २०१६ साली वेदनेविषयीचे प्रश्न मोबदल्याच्या हिशेबातून काढून टाकण्याचा निर्णय झाला. इंग्लंडमध्येही जे दवाखाने प्रतिजैविके कमी लिहून देतात त्यांना रुग्णांकडून किंचित कमी गुण मिळतात, असे दिसले आहे. विषाणूजन्य खोकल्याला प्रतिजैविक न देणे हा उत्तम उपचार असतो आणि तरीही तो रुग्णाला रिकाम्या हाताने परत पाठवल्यासारखा वाटू शकतो. अमेरिकेतल्या जवळपास ५२ हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१२ च्या एका अभ्यासात सर्वांत समाधानी गटाचा औषधांवरचा आणि एकूण खर्च अधिक होता, आणि सर्वांत कमी समाधानी गटाच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका २६ टक्क्यांनी जास्त आढळला. समाधानामुळे मृत्यू ओढवतो असा याचा अर्थ मुळीच काढता येत नाही, कारण जो अधिक आजारी असतो तो डॉक्टरांकडे अधिक वेळा जातो आणि त्यांच्याशी अधिक जोडला जातो. अभ्यासकांनी असे घटक हिशेबात घेतले असले तरी अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण समाधान वाढवले की आरोग्य आपोआप सुधारते, हा समज टिकत नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

असे दाखले देऊन काही डॉक्टर म्हणतात की, मग रुग्णांना विचारूच नका. त्यांच्या वैतागाचे कारण मी समजू शकतो, पण हा निष्कर्ष धोकादायक आहे. इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची जी अक्षम्य हेळसांड झाली, तिची चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केली आणि २०१३ साली २९० शिफारशींचा अहवाल दिला. मळलेल्या अंथरुणात तासन्‌तास पडून राहिलेले रुग्ण, हाताला न येणारे पाणी, कोणी भरवले नाही म्हणून तसेच परत गेलेले जेवण, हे सगळे नातेवाईक कळवळून सांगत होते. व्यवस्थापन मात्र आर्थिक उद्दिष्टे आणि राष्ट्रीय लक्ष्ये गाठण्यात गुंतले होते. तिथे पहिला इशारा वॉर्डात बसलेल्या मुलींनी, पतींनी आणि पत्नींनी दिला होता. त्यांच्या सांगण्याला किंमत असती तर ते हाल इतके लांबले नसते.

तेव्हा विचारायचेच, पण वेगळे विचारायचे. ‘समाधानी आहात का’ याऐवजी ‘घंटी वाजवल्यावर मदत मिळायला किती वेळ लागला’, ‘शस्त्रक्रियेचे धोके तुम्हाला समजतील अशा भाषेत सांगितले का’, ‘घरी गेल्यावर कोणाला फोन करायचा ते ठाऊक होते का’ असे घडलेल्या गोष्टींचे प्रश्न असावेत. त्यांतही समजूतदार रुग्ण थोडेफार पदरात घेईल, पण घंटी वाजवल्यावर वीस मिनिटे कोणी आले नाही हे तो वीस मिनिटेच लिहील. प्रश्न घरी गेल्यावर विचारावेत, उपचार करणाऱ्यांव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी विचारावेत, आणि उत्तरे वर्षाखेरीच्या अहवालात गोठवून न ठेवता ज्या वॉर्डाची आहेत त्या वॉर्डाला काही आठवड्यांत परत मिळावीत. कोणाचा भत्ता वा बढती त्यांवर ठरू नये; पण एकाच प्रकारची तक्रार पुन्हा पुन्हा येत असेल तर मनुष्यबळ वाढवण्याची मागणी करण्याचा हक्क त्या वॉर्डाला त्याच कागदांच्या आधारे मिळावा. शेवटी मोकळी जागा सोडलेली असावी, आणि तिथे लिहिलेले कोणीतरी माणसाने वाचावे.

अजून एक मोठी उणीव राहते, आणि तिच्याकडे फार थोड्या व्यवस्थांचे लक्ष गेले आहे. या सगळ्या प्रश्नावल्या जे बरे होऊन घरी गेले, ज्यांना वाचता-लिहिता येते आणि ज्यांच्यात उत्तर देण्याचे त्राण आहे, त्यांच्याच हाती पडतात. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध, बोलता न येणारा पक्षाघाताचा रुग्ण, तिथली भाषा न येणारा स्थलांतरित आणि रुग्णालयातच मृत्यू पावलेला रुग्ण हे कोणत्याही टक्केवारीत नसतात, आणि सेवा सर्वांत जास्त लागते ती यांनाच. इंग्लंडमध्ये २०११ ते २०१५ या काळात मृतांच्या निकटच्या नातेवाईकांना, मृत्यूनंतर काही महिने जाऊ देऊन, अखेरच्या दिवसांतल्या सेवेविषयी राष्ट्रीय पातळीवर प्रश्न विचारले जात होते: वेदना आटोक्यात होत्या का, सन्मानाने वागवले गेले का, कुठे मृत्यू यावा असे त्यांना वाटत होते. असे सर्वेक्षण प्रत्येक आरोग्यव्यवस्थेने कायमस्वरूपी चालवावे, आणि ज्यांना स्वतः उत्तर देता येत नाही त्यांच्या वतीने त्यांच्याजवळ बसणाऱ्या माणसाला उत्तर देण्याची सोय प्रत्येक प्रश्नावलीत असावी.